सोळा टक्के ओलावा

मिरचीच्या गावात राहून जन्मभर दहीभात खाणारा माणूस मी एकच पाहिला. दिवाळी उलटली की नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथारी पडत. मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि वारा गावाकडे फिरला की शाळेपासून देवळापर्यंत सगळं गाव एका सुरात शिंकायचं. अशा गावात हा गृहस्थ पुण्याकडून आला, मिरचीच्याच पेढीवर नोकरीला लागला, आणि आमटीत मिरचीचा तुकडा दिसला तर तो चमच्याने उचलून ताटाबाहेर ठेवू लागला. खाणावळवाल्याने त्यांच्यासाठी वेगळं पातेलं काढलं होतं. त्या पातेल्याला आम्ही सगळे 'आजाऱ्याचं पातेलं' म्हणायचो, आणि ते हे ऐकून न ऐकल्यासारखं करून जेवायचे.

त्यांचं खरं नाव लिहायचा मला अधिकार नाही. बाजारात त्यांना दाखलेबुवा म्हणत, तेवढं पुरे. आमच्या शेठजींच्या पेढीतून दरवर्षी कोलंबोला मिरची जायची. परदेशी जाणाऱ्या मालाबरोबर त्याची प्रत, त्याचा ओलावा, तो कुठल्या मुलखात पिकला, असे सगळे दाखले जावे लागत. हे दाखले तपासून त्यांवर सही करायचा सरकारमान्य अधिकार पेढीत एकट्या ह्या माणसाला होता. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टाइपरायटर बडवायचो. कळसाडीच्या गुजर घरातला मी, केळी आणि कापूस भावांवर सोपवून नोकरीला आलेला, नवं लग्न झालेला, आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

ओलावा मोजायची त्यांची तऱ्हा बघायला बाहेरगावचे व्यापारी यायचे. एक सोनाराचा काटा, एक पितळी डबा आणि एक स्टोव्ह. मिरचीचे तुकडे तोलायचे, डब्यात घालून मंद आचेवर सुकवायचे, पुन्हा तोलायचे. काटा हलत असताना ते श्वास रोखून धरत, आणि आम्हालाही धरायला लावत. एकदा शेठजी नेमके तेव्हाच आत आले आणि "काय चाललंय?" म्हणाले. दाखलेबुवांनी तोललेली मिरची फेकून दिली आणि नव्याने सुरुवात केली. शेठजी दारातच चपला हातात घेऊन उभे राहिले.

कुठलाही कागद ते तीनदा वाचत. एकदा स्वतःसाठी, एकदा शेठजींसाठी, आणि एकदा कोलंबोच्या माणसासाठी. तिसऱ्या खेपेला ओळीखाली बोट धरून, अगदी सावकाश. हा कोलंबोचा माणूस कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तिकडच्या गोदामात आमची गोणी उघडणारा कुणीतरी. पण त्याच्याबद्दल ते घरच्यासारखं बोलायचे. "त्याला आपण दिसत नाही रे. तू दिसत नाहीस, मी दिसत नाही, ही पेढी दिसत नाही. त्याला एवढा कागद दिसतो. आपल्याला जाता येत नाही म्हणून पाठवलेला आपला माणूस आहे तो कागद. त्यानं तिथं जाऊन खोटं बोलायचं?"

पथारीवरच्या बायकांना ह्याची भारी गंमत वाटायची. त्यांची मुकादमीण जमनाबाई तोंडावरचा फडका सोडून त्यांना छेडायची, "दाखलेबाबा, तठेना मानूस तुमना सोयरा शे का? कधी भेटाले येस का नही?"

"येणार आहे," दाखलेबुवा अगदी गंभीरपणे सांगायचे.

"मंग सांगा त्याले, जमना पुसस तुले. म्हना, तुन्हाकरता पहाटे उठी उठी मन्हं कंबरडं मोडी गयं."

पहाटे उठण्याची भानगड दाखलेबुवांनीच लावली होती. वाळलेली मिरची गोणीत भरताना मोडते आणि तिची धूळ उडते. ती धूळ नाकाडोळ्यांत गेली की माणूस कासावीस होतो. म्हणून सगळ्या पथारींवर भरायच्या आधी मिरचीवर पाणी मारायची चाल होती. पाण्याने मिरची नरम पडते, मोडत नाही, धूळ उडत नाही, वजनही वाढतं. इथल्या इथे विकायची तर ते चालून जाई. पण कोलंबोची गोणी किती दिवस वॅगनमध्ये आणि जहाजात बंद राहायची. पाण्याची मिरची आतल्या आत कुजते. म्हणून दाखलेबुवांचा नियम असा की कोलंबोचा माल दवावर भरायचा. थंडीच्या पहाटे दव पडतं, मिरची आपोआप लवते, आणि ऊन चढायच्या आत गोण्या शिवून व्हायला हव्यात. ते स्वतः मफलर गुंडाळून बायकांच्या ओळीत येऊन बसत. येताना हाताला लावायला खोबरेल आणि तोंडात टाकायला गूळ आणत. एकेका गोणीत कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून बसायचे, आणि मग "हं, शिवा," म्हणायचे.

प्रत्येक मालाचा ओंजळभर नमुना ते कागदाच्या पुडीत बांधून ठेवत. पुडीवर मालाचा क्रमांक, तारीख, ओलावा, आणि काही विशेष असेल तर एखादी ओळ. स्टेशनाजवळच्या त्यांच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून त्यांवर ह्या पुड्या टांगलेल्या. एकटाच जीव, बायको कधीच वारलेली, मूल नाही. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी दहा शिंका द्यायचा आणि मगच नमस्कार करायचा. घरमालकीणबाई म्हणायची, "भाड्याने मानूस ठेवना होता मी, मिरच्या नही."

एका वर्षी आपल्याकडे मिरची कमी पिकली. शेठजींनी गुंटूरहून माल मागवला, आपल्या मालात मिसळला आणि दाखल्यावर सगळा माल खानदेशचा म्हणून लिहायला सांगितलं. दाखलेबुवांनी मला टाइप करायला लावलं: निम्मा माल खानदेशचा, निम्मा गुंटूरचा. शेठजी लालबुंद झाले. एरवी फार सौम्य माणूस. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून तिसरी पिढी ह्याच बाजारात, कुणाला उणा शब्द बोलत नसत. "दाखलेजी, मिरचीला काय जात असते? लाल आहे, तिखट आहे, बस!"

"तिला गाव असतं, शेठजी."

तो कागद तसाच गेला. आम्हाला वाटलं, आता तिकडून नकार येणार. महिन्याभराने पत्र आलं ते असं की ह्या सहीचा माल यापुढे आम्ही उघडून तपासणार नाही, जहाजावरून उतरला की सरळ थप्पी लावू. दुसऱ्या पेढ्यांच्या गोण्या तिकडच्या धक्क्यावर उघडून पडत, आणि आमच्या गोण्या गाडीत चढून निघून जात. जहाज आधी आमच्या मालाची वाट बघू लागलं. शेठजींनी पेढीत पेढे वाटले आणि दाखलेबुवांच्या पाठीवर थाप मारली. नियमाचा कागद म्हणजे सरकारी कटकट, असं मानणारे शेठजी त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की आमच्या धंद्याचं नाक म्हणजे हे दाखलेजी.

दाखलेबुवांनी पेढा घेतला, पण तोंड लहान केलं. "आता तो उघडणार नाही," ते मला म्हणाले. "म्हणजे आता सगळं आपल्यावर आलं." त्यानंतर ते शेवटची गोणी शिवेपर्यंत पथारीवरून हलत नसत. मला तेव्हा त्यांचं हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की मला जेवण जात नाही.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात ऐन भरायच्या दिवसांत आभाळ आलं. चार दिवस ढग, दव नाही, मिरची मात्र आधीच्या उन्हाने कडकडीत वाळलेली. पाचव्या दिवशी वॅगन लागायची होती, मुंबईहून जहाज सुटायचं होतं. पाचव्या पहाटेही दव पडलं नाही. बायका तशाच कोरड्या मिरचीत बसल्या. घटकाभरात पथारीवर लाल धुरळा उठला. जमनाबाईची सून पोटुशी होती. ती खोकत खोकत उठली आणि दोन पावलांवर कोसळली.

"बाबा, मन्ही बहू मरी जाई!" जमनाबाई ओरडली. "पानी मारू द्या! तुमना सोयराले काय कळी ऱ्हायनं आठे?"

दाखलेबुवा धावत गेले. त्या पोरीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावरची धूळ हातांनी पुसली. ती डोळे उघडेना तेव्हा ते रडू लागले, आणि पथारीवरचं शेंबडं पोरही करणार नाही अशी चूक त्यांनी केली. मिरचीच्या हातांनी स्वतःचे डोळे पुसले. त्याच अवस्थेत ते म्हणाले, "मारा पाणी. सगळीकडे मारा."

सून तासाभराने सावध झाली. तिचं आणि पोटातल्या जिवाचं काही वावगं झालं नाही. दुपारपर्यंत गोण्या भरून झाल्या. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून बघत दाखलेबुवांनी नमुना घेतला, डबा तापवला, श्वास धरून तोलला. जास्तीत जास्त अकरा टक्के ओलावा चालायचा. आला सोळा.

शेठजी बाकावर बसूनच राहिले. दाखलेबुवा त्यांच्याजवळ गेले आणि समजावू लागले. "घाबरू नका. खरा आकडा लिहू. खाली एक ओळ घालू, माल ओला आहे, पोचताच उघडून उन्हात पसरावा. तो माणूस कागद वाचेल, पसरेल, माल वाचेल. खोटा आकडा लिहिला तर तो विश्वासाने थप्पी लावेल, आणि सगळी थप्पी कुजेल."

"मुंबईतच अडवतील, दाखलेजी. सोळाचा माल जहाजावर चढू देत नाहीत."

"अडवू दे. मुंबईतही ऊन आहे."

"आणि जहाज? आणि पुढच्या साली ते दुसऱ्याकडून घेतील ते? पथारीवर ऐंशी बायका आहेत, त्यांनी काय करायचं?"

दाखलेबुवा म्हणाले, "मी सोळावरच सही करीन," आणि डोळ्यांत औषध घालून घ्यायला डॉक्टरांकडे गेले.

ते गेल्यावर शेठजींनी मला आत बोलावलं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शेठजी म्हणाले, कागद अकराचा कर, खालची ओळ गाळ. मग ते म्हणाले, मुंबईच्या शाखेत हुशार माणूस हवाय, बायकोलाही घेऊन जा. त्या ऐंशी बायकांसाठी मी हे केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. मला मुंबई हवी होती.

संध्याकाळी दाखलेबुवा डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून आले. कागद हातात घेतला, नाकाजवळ नेला, परत माझ्याकडे दिला. "दिसत नाही रे काही. तू वाच. तीनदा वाच."

मी तीनदा वाचलं. कागदावर अकरा होते, मी सोळा वाचले. खालची ओळ कागदावर नव्हतीच, तीही मी वाचून दाखवली, माल ओला आहे, पोचताच उघडून उन्हात पसरावा. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोट पुढे केलं आणि मी त्यांचं बोट धरून कोऱ्या जागेवरून फिरवलं. "छान," ते म्हणाले, "त्याला बरोबर कळेल." मग सही कुठे करायची ती जागा मी दाखवली.

माल गेला. कोलंबोत त्यांनी ठरल्याप्रमाणे न उघडता थप्पी लावली. दीड महिन्याने गोदामात वास सुटला तेव्हा आतल्या गोण्या काळ्या पडल्या होत्या आणि आजूबाजूचा मालही गेला होता. मुंबईहून एक अधिकारी चौकशीला आला. पेढीतले सगळे उभे. त्याने तो दाखला टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा आकडा तुमचा?"

दाखलेबुवांचे डोळे तोवर बरे झाले होते. त्यांनी कागद घेतला. एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, आणि खालच्या कोऱ्या जागेवर ते बोट जरा वेळ थांबलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोणीत हात घालून बसायचे ना, तसं पाहिलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

अधिकारी माहीतगार होता. "तुम्ही प्रत्येक मालाचा नमुना ठेवता असं ऐकलंय. ह्या मालाची पुडी आणा. खरा ओलावा काय होता ते तिच्यावर असेल."

त्या दिवशी त्यांना दिसत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं; पुडीवर सोळा निघाले असते तर आकडा टाइप करणाऱ्याने बदलला हे उघड होऊन ते सुटले असते आणि मी अडकलो असतो. पेढीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वारा थांबेल पण ह्या माणसाची पुडी चुकायची नाही. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

"त्या खेपेला नमुना ठेवायचा राहिला," दाखलेबुवा म्हणाले. आणि मग त्यांनीच उलट विचारलं, "साहेब, गोणी उघडणाऱ्या माणसाला काही झालं नाही ना? बुरशीची धूळ छातीत बसते." अधिकारी हसला आणि लिहू लागला.

त्यांचा सहीचा अधिकार गेला. कोलंबोचा माल बंद झाला आणि त्या पथारीवर दुसऱ्या हिवाळ्यात शेळ्या चरत होत्या. ज्या बायकांची नावं घेऊन आम्ही हे केलं, त्या दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचायला गेल्या. निरोप घ्यायला दाखलेबुवा जमनाबाईकडे गेले होते, असं नंतर कळलं. तिने नातू त्यांच्या मांडीवर दिला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही पानी मारू दिधं म्हनीसन हाऊ शे." मला मुंबई मिळाली. दोन वर्षं राहिलो, झोप लागेना, परत आलो.

परत आल्यावर दाखलेबुवा मोलगी गावात असल्याचं समजलं. जीपने घाट चढून मी आठवडे बाजाराच्या दिवशी गेलो. एका दुकानाच्या ओट्यावर बसून ते डोंगरातल्या लोकांचे अर्ज लिहून देत होते. समोर एक म्हातारा बसलेला, त्याला ते हाताच्या खुणांनी विचारत होते की अर्जात लिहायची झाडं नक्की किती होती, आणि तो सात म्हणाला की पुन्हा विचारत होते. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. चहा मागवला, बायकोची चौकशी केली. केस पांढरे झाले होते, सदऱ्याला ठिगळ होतं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी कागद वाचताना—"

त्यांनी हात वर केला. "सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला ते ठाऊक झालं असं होईल. मग मला ते लिहून ठेवावं लागेल." आणि म्हाताऱ्याकडे वळले. "हां बाबा, सात का?"

मी चहा संपवून उठलो. आग्रह करून बोललो असतो तर बरं झालं असतं. पण खरं सांगू, त्यांनी हात वर केला तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज आहे.

ते गेल्याचं पत्र त्या दुकानदाराने लिहिलं. मागे एक ट्रंक होती, आणि तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. घरी आणून उघडली तर आत पुड्याच पुड्या, क्रमाने लावलेल्या. मिरच्यांचा रंग उडून त्या गवतासारख्या झालेल्या, पण झाकण उघडताच घरातली सगळी माणसं शिंकू लागली. सगळ्यांत खाली ती पुडी होती. एरवीचं त्यांचं अक्षर बारीक आणि सरळ. ह्या पुडीवर ते मोठं, वाकडंतिकडं, एकमेकांवर चढलेलं. मालाचा क्रमांक, तारीख, ओलावा सोळा. खाली एक ओळ, पाणी माझ्या सांगण्यावरून मारले.

म्हणजे ती पुडी सारा वेळ होती. चौकशीच्या दिवशी दोरीवर टांगलेली होती. आयुष्यात एकदा हा माणूस खोटं बोलला, ते माझ्यासाठी.

मी पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: कागदावर अकरा मी लिहिले, आणि त्यांना सोळा वाचून दाखवले. खाली सही केली. मग ते सगळं तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून. ती पुडी माझ्या कपाटात आहे. ज्यांनी ती वाचायला हवी होती, ते दाखलेबुवा आता नाहीत.